जक्स्टा आठवतंय का कुणाला? आणि आज बिनसर्व्हरचं काय वापरावं?

कंदी_पेढा

मंडळी, परवा माळा आवरताना बीईच्या प्रोजेक्टची सीडी सापडली. वर मार्करने 'जक्स्टा फायनल, हीच खरी, २००४' असं लिहिलंय, म्हणजे आधीच्या तीन-चार 'फायनल' कुठंतरी कचऱ्यात गेल्या असणार. घरात सीडी वाचणारं एकही यंत्र उरलेलं नाही त्यामुळे आत काय आहे ते बघता आलं नाही, पण आठवणी मात्र सगळ्या वर आल्या.

नव्या लोकांसाठी सांगतो. नॅपस्टर, म्हणजे लोकांनी एकमेकांच्या पीसीवरून थेट गाणी उचलायचं सॉफ्टवेअर, गाजत होतं तो काळ. सन मायक्रोसिस्टिम्सच्या बिल जॉयच्या, म्हणजे व्हीआय एडिटर लिहिणारा तोच, डोक्यात आलं की गाणी चोरण्यापलीकडे याचा उपयोग झाला पाहिजे. मग एप्रिल २००१ मध्ये त्यांनी प्रोजेक्ट जक्स्टा उघडा केला, सोर्स कोडसकट. नाव 'जक्स्टपोज' वरून, क्लायंट-सर्व्हरच्या शेजारी मांडलेली दुसरी पद्धत म्हणून. कल्पना अशी की कुठलंही यंत्र, पीसी असो नाहीतर मोबाईल, 'पीअर' व्हायचं, पीअरांचे गट करायचे, आपल्याकडे काय आहे त्याची एक्सएमएलमध्ये (माहिती खुणांसकट लिहायची एक ठरलेली पद्धत) जाहिरात लावायची (खरंच तिला अ‍ॅडव्हर्टाइजमेंटच म्हणायचे) आणि एकमेकांशी 'पाइप'मधून बोलायचं. एकूण ६ प्रोटोकॉल. शोधायचा एक, विचारपूस करायचा एक, वाट काढायचा एक वगैरे. जावात लिहा, सीमध्ये लिहा, बोलणं तेच.

आम्ही चौघांनी लॅबमधल्या पीसींवर मॅट्रिक्स गुणाकार वाटून द्यायचं ठरवलं होतं. अर्धं सेमिस्टर पहिल्यांदा उघडणाऱ्या त्या कॉन्फिगरेटरच्या खिडकीतच गेलं. काहीही बिघडलं की एकच उपाय, डॉट-जक्स्टा फोल्डर उडवा आणि परत चालू करा. डेमोच्या दिवशी दोनच पीसी एकमेकांना दिसले, त्यातला एक मी बसलो होतो तोच.

आता कामाचं. भाची शेवटच्या वर्षाला आहे, तिच्या गाइडने 'पीअर-टू-पीअर कॉम्प्युटिंग, फक्त ओपन सोर्स वापरून' असा विषय दिलाय, म्हणजे मधल्या सर्व्हरशिवाय यंत्रांनी थेट एकमेकांत काम वाटून घ्यायचं. मामाला विचारलं, मामाने जक्स्टा सांगितलं, तिने पाच मिनिटांत शोधून 'मामा ते मेलंय' म्हणून सांगितलं. तर आज काय वापरावं?

शेवग्याची_शेंग

वाचनखूण साठवली. अडाणी प्रश्न: सर्व्हर नसेल तर एक कॉम्प्युटर दुसऱ्याला सापडतो कसा? इथे मला नवऱ्याचा प्रिंटर सापडत नाही.

सुपारी_कातर

भाचीचं बरोबर आहे. ओरॅकलने २०१० च्या जानेवारीत सनचा व्यवहार पूर्ण केला आणि नोव्हेंबरमध्ये जक्स्टामधून हात काढून घेतले. काही लोकांनी जावाचा कोड घेऊन 'चौपाल' नावाने पुढे न्यायचा प्रयत्न केला (नाव चांगलं होतं, आपल्याकडे पार म्हणतो तेच) पण त्यातून फार काही उभं राहिलं नाही.

पण सगळं खापर ओरॅकलवर फोडू नका. जक्स्टा त्याच्या कितीतरी आधीच थंडावलं होतं. त्याच २००१ साली ब्रॅम कोहेनने बिटटॉरंट काढलं, पायथनमध्ये, एकट्याने. त्यात पाइप नाहीत, गट नाहीत, जाहिराती नाहीत. एक मोठी फाइल, तुकडे करा, वाटा. संपलं. वर त्याने निर्लज्जपणे, फाइल कोण कोण वाटतंय ते सांगायला, ट्रॅकर नावाचा चक्क सर्व्हर ठेवला! शुद्ध पीअर-टू-पीअरवाले नाकं मुरडत बसले आणि जगाने वापरायला सुरुवात केली. ट्रॅकरशिवाय चालायची सोय त्यात २००५ मध्ये आली, लोकांना सवय लागून गेल्यावर. जक्स्टाने उलटं केलं, आधी सगळ्या जगाला पुरेल असा मांडव घातला आणि मग लग्न कुणाचं ते शोधत बसले.

खटपट्या

एवढं लांब कशाला जायचं, बॉइंक घ्या की! बर्कली विद्यापीठाचं आहे, पूर्ण ओपन सोर्स. सेटी@होम आठवत असेल, १७ मे १९९९ ला सुरू झालेलं, परग्रहावरच्यांचे संदेश शोधायला अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीचा डेटा घरोघरच्या पीसीवर चाळायचा, ५० लाखांहून जास्त लोकांनी चालवलं. त्याच टीमच्या डेव्हिड अँडरसनने मग बॉइंक केलं की जेणेकरून बाकीच्या शास्त्रज्ञांना पण अशी फुकटची ताकद मिळावी. सेटीने ३१ मार्च २०२० ला नवीन काम द्यायचं बंद केलं, त्या दिवशी मला घरातलं कुणी गेल्यासारखं झालं होतं, बायको हसली होती.

सध्या मी आइन्स्टाइन@होम चालवतो. लायगो या अमेरिकेतल्या वेधशाळेच्या डेटात गुरुत्वीय लहरी शोधायच्या, शिवाय पल्सार, म्हणजे गरगर फिरत ठरावीक वेळाने स्पंदनं पाठवणारे तारे. २०१० मध्ये अमेरिकेतलं एक जोडपं आणि जर्मनीतला एक माणूस यांच्या घरच्या पीसींनी नवा पल्सार शोधला होता, खराखुरा, पेपर छापून आला. आपल्या हिंगोलीत औंढा नागनाथला लायगो-इंडिया होतंय, ती सुरू झाली की तिकडचा डेटा माझ्या पीसीवर यावा एवढीच इच्छा आहे, मूळ गाव परभणी.

सुपारी_कातर

खटपट्या, भावना पोचल्या, पण बॉइंक पीअर-टू-पीअर नाही. काम मधला सर्व्हर वाटतो, उत्तर मधला सर्व्हर घेतो. तुमचा पीसी आणि माझा पीसी एकमेकांना ओळखतही नाहीत. त्याला व्हॉलंटियर कॉम्प्युटिंग म्हणतात. भाचीच्या गाइडने हाच मुद्दा काढला तर व्हायवात गेली ना ती.

खटपट्या

मान्य. पण मग एक सांगा, पीअर-टू-पीअरमध्ये समोरच्याने उत्तर खोटं दिलं तर कोण पकडणार? सेटीत लोक नुसता स्कोअर वाढवायला क्लायंटमध्ये कोड घुसडून खोटी उत्तरं पाठवायचे, बक्षीस काही नाही, फक्त यादीत वरचा नंबर. म्हणून एकच काम दोन वेगवेगळ्या लोकांना द्यायचं आणि उत्तरं जुळली तरच पास. त्यातही गंमत, वेगळ्या प्रोसेसरवर दशांश चिन्हापुढचे आकडे किंचित वेगळे येतात, दोघंही प्रामाणिक असून उत्तरं जुळत नाहीत. बॉइंकमध्ये त्यासाठी एकाच जातीच्या मशीनना एक काम द्यायची सोय आहे. हे सगळं बिनसर्व्हरचं करायचं म्हटलं तर पंच कोण?

वाईफाय

(आयडी बघून हसू नका, गाव वाई आणि धंदा नेटवर्कचा.)

पंचाचं नंतर बघू, आधी खेळाडू मैदानात येतायत का बघा. शेवग्याची_शेंग यांचा प्रश्न मुळीच अडाणी नाही, धाग्यातला तोच खरा प्रश्न आहे.

सोपं करून सांगतो. तुमचा पीसी म्हणजे एका सोसायटीतला फ्लॅट. गेटवर वॉचमन, म्हणजे राउटरमधलं नॅट. तुम्ही आतून बाहेर कुणाला बोलावलं, पिझ्झा मागवला, तर वॉचमन त्या पोऱ्याला सोडतो कारण त्याच्या वहीत तुमची नोंद आहे. पण बाहेरून कुणी आपण होऊन आलं आणि म्हणालं 'मला आतल्या शेंगताईंना भेटायचंय', तर हाकलतो. आता दुसरा पीअर पण अशाच सोसायटीत राहतो. दोघांनाही फक्त बाहेर जाता येतं, आत कुणाला घेता येत नाही. भेटणार कसे?

याच्यावर एक युक्ती आहे, होल पंचिंग. दोघांना ओळखणारा एक तिसरा बाहेर उभा करायचा. तो दोघांना सांगतो की अमुक पत्त्यावर आत्ता, याच क्षणी, निरोप धाडा. दोघांचे निरोप एकाच वेळी आपापल्या गेटातून बाहेर पडतात, दोन्ही वॉचमन वहीत नोंद करतात की आमच्याच माणसाने बोलावलंय, आणि समोरून येणाऱ्याला आत सोडतात. बहुतेक वेळा जमतं. काही वॉचमन मात्र एवढे कडक असतात की दर वेळी वेगळ्या गेटातून बाहेर काढतात, मग सांगितलेला पत्ता खोटा ठरतो आणि सगळं मुसळ केरात. त्याला सिमेट्रिक नॅट म्हणतात.

आणि आता आपल्याकडे त्याच्यावरचा कळस. आयपी पत्ते संपले म्हणून कंपन्यांनी सोसायटीच्या बाहेर अख्ख्या टाउनशिपला आणखी एक वॉचमन बसवलाय. सीजीनॅट. राउटरच्या पानावर तुमचा बाहेरचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत कशाने सुरू होत असेल तर समजा तुम्ही त्यात आहात. मी आमच्या केबलवाल्याला फोन करून पब्लिक आयपी मागितला तर तो म्हणाला 'सर नेट चालतंय ना, मग आयपी कशाला पाहिजे?' यावर काय बोलणार.

आयपीव्ही६ मध्ये, म्हणजे आयपी पत्त्यांच्या नव्या पद्धतीत, प्रत्येकाला स्वतःचा पत्ता मिळतो, आपल्या मोबाईल नेटवर ते चांगलंच पसरलंय, पण घरचे राउटर तिथेही बाहेरून येणाऱ्याला बहुतेक अडवतातच. दार आहे, कडी आतून.

शेवग्याची_शेंग

आत्ता समजलं! म्हणजे तो तिसरा माणूस लागतोच. मग तो सर्व्हर नाही तर काय आहे??

कंदी_पेढा

बरोब्बर. जक्स्टात त्याला रॉन्देवू पीअर म्हणायचे, आणि वॉचमनच्या आत अडकलेल्यांचे निरोप पोचवणारा तो रिले पीअर. कुणीही होऊ शकतो म्हणायचे, पण सुरुवातीला ओळख करून द्यायला सार्वजनिक रॉन्देवू सननेच चालवलेले होते. आमच्या कॉलेजच्या प्रॉक्सीतून ते दिसायचे नाहीत, म्हणून दोनच पीसी.

वाईफाय

ते काम कुणीतरी करावंच लागतं. शंभर टक्के ग्राहकांच्याच पीसीवर टाकलं की काय होतं ते स्काइपने दाखवलं. ते ओपन सोर्स नव्हतं पण आतून पीअर-टू-पीअर होतं, ज्यांचं नेट चांगलं त्यांचे पीसी नकळत सुपरनोड, म्हणजे बाकीच्यांना जोडून देणारे, व्हायचे. २२ डिसेंबर २०१० ला विंडोजवरच्या एका आवृत्तीतल्या चुकीने भराभर क्लायंट कोसळले, त्यात २५-३० टक्के सुपरनोड गेले, उरलेल्यांवर भार आला, ते पण बसले. दिवसभर अख्खं स्काइप आडवं. पुढे मायक्रोसॉफ्टने सुपरनोड आपल्या डेटा सेंटरमध्ये आणून ठेवले. आणि मे २०२५ मध्ये दुकानच बंद.

डीटीपी_दादा

मी प्रोग्रामर नाही, सांगलीत डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, फ्लेक्स, स्मरणिका. पण गेली काही वर्षं बिनसर्व्हरचंच वापरतोय म्हणून लिहितो. सिंकथिंग. दुकानातला पीसी, घरचा पीसी आणि लॅपटॉप, तिघांत एक फोल्डर सारखं राहतं. फुकट, सोर्स उघडा, कुठल्या कंपनीच्या क्लाउडवर आपल्या फाइली जात नाहीत. प्रत्येक मशीनला एक लांबलचक आयडी असतो, दोन्हीकडे एकमेकांचा आयडी टाकून हो म्हटल्याशिवाय काही होत नाही. दोन्ही मशीन एकाच वायफायवर असल्या की पत्रिकेची फाइल मी सेव्ह करून मान वर करेपर्यंत पलीकडे.

दुकान ते घर मात्र कधीकधी रांगतं. मुलगा म्हणाला तेव्हा ते रिलेवरून जातं, म्हणजे वाईफाय म्हणाले तो तिसरा माणूस. हे रिले जगभर लोक आपल्या खर्चाने चालवतात म्हणे. आपल्या बबलू वेड्स पिंकीची फाइल कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या मशीनमधून सांगलीतून सांगलीत येते. कुलूपबंद असते त्यामुळे त्याला वाचता येत नाही.

एक सावध करतो, हे बॅकअप नाही. हेल्परने दुकानात स्मरणिकेचं फोल्डर उडवलं, घरी येऊन बघतो तर तिथूनही उडालेलं, इमानदारीत! त्या रात्री ८० पानं परत लावली. आता व्हर्जनिंग (जुन्या फाइली राखून ठेवायची सोय) चालू करून ठेवलंय.

सुपारी_कातर

+१. आमच्याकडे पण हेच. मोबाईलवाल्यांसाठी: अँड्रॉइडचं अधिकृत अ‍ॅप २०२४ च्या शेवटी बंद झालं, फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून दुसऱ्यांनी पुढे चालवलेलं अ‍ॅप, वापरावा लागतो.

हायफनवाला

उशिरा आलो. भाचीला सांगा, लिबपीटूपी बघ. जक्स्टाला जे करायचं होतं त्यातलं बरंचसं हेच करतं, फक्त सुटं सुटं. ह्वान बेनेटच्या प्रोटोकॉल लॅब्जने २०१५ मध्ये आयपीएफएस, म्हणजे बिनसर्व्हरची फाइल साठवण, आणलं, त्यातला नेटवर्कचा भाग वेगळा काढून ही लायब्ररी झाली. गो, रस्ट, जावास्क्रिप्ट, जे येतं त्यात घ्या. पाहिजे ते मॉड्यूल उचला, बाकीचं फेका. इथेरियम या ब्लॉकचेनचे नोड, म्हणजे त्यातली यंत्रं, सहमतीच्या थरात एकमेकांशी बोलतात ते याच्यावरच, त्यामुळे उद्या कुणी कंपनी विकली म्हणून एका रात्रीत मरणार नाही.

होल पंचिंग आहे, रिले आहे, आणि शोधायला कडेम्लिया. कडेम्लियावर एक अवांतर करतोच, कारण २००२ चा पेपर आहे आणि मला अजून तो वाचताना मजा येते. आधीच्या नुटेलात (फाइली वाटायचं जाळं) काय व्हायचं, एक प्रश्न सगळ्या शेजाऱ्यांना, त्यांनी त्यांच्या शेजाऱ्यांना, अशा ७ पायऱ्या. गावात दवंडी. गाव मोठं झालं की दवंडीनेच कान फुटायचे. कडेम्लियात प्रत्येक मशीनला एक नंबर, प्रत्येक वस्तूलाही तसाच नंबर, आणि ज्याचा नंबर वस्तूच्या नंबराच्या 'जवळ' त्याने तिचा पत्ता लक्षात ठेवायचा. जवळ म्हणजे वजाबाकी नाही, एक्सॉर. १२ म्हणजे ११००, ९ म्हणजे १००१, जिथे बिट वेगळे तिथे १ लिहा, ०१०१, म्हणजे अंतर ५. याची खुबी अशी की माझ्यापासून तू जेवढा लांब तेवढाच तुझ्यापासून मी लांब, त्यामुळे कुणीही सहज काही विचारून गेला तरी तो आपल्या वहीत नोंदवण्यासारखा शेजारी ठरतो. आणि दर पावलाला उरलेलं अंतर निदान निम्मं होतं. १० लाख मशीन असल्या तरी साधारण २० पावलांत घर सापडतं.

पण शेंगताई, पहिलं पाऊल टाकायला एक तरी ओळखीचा पत्ता खिशात लागतोच. त्याला बूटस्ट्रॅप नोड म्हणतात. नाव बदललं, माणूस तोच.

आता काम काय वाटायचं ते आधी ठरवा. मॅट्रिक्स गुणाकार नको प्लीज, आकडे नेटवर्कवरून नेण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात एकटा लॅपटॉप गणित उरकतो. असं काम घ्या की जिथे डेटा थोडा, डोकं जास्त, आणि तुकड्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

कंदी_पेढा

मॅट्रिक्सचं तुम्ही आज सांगताय, २००४ मध्ये कुठे होतात!

शेवग्याची_शेंग

जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पानांचं टायपिंग करायला घ्या की. आमच्या वाचनालयात शेकडो पानं नुसती फोटो होऊन पडलीत, शोधता काही येत नाही त्यात.

हायफनवाला

शेंगताई, एक नंबर! टेसरॅक्ट घ्या, ओपन सोर्स ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, मराठीचा डेटा त्यात आहे. एक पान म्हणजे एक काम, पानापानांचा संबंध नाही, फाइल छोटी, प्रोसेसर पिदडतो. आणि लॅबमध्येच करा, इंटरनेटवर जाऊच नका पहिल्यांदा. एका नेटवर्कवर असाल तर मशीन हाका मारून आपोआप एकमेकींना शोधतात, एमडीएनएस. गोच्या उदाहरणांत त्याचा चॅटचा नमुना आहे, तिथून सुरुवात.

खटपट्या

आणि प्रत्येक पान दोघांना द्या!! उत्तरं जुळवा. पंच पंच पंच.

जाता जाता, कुणी घरचा पीसी अशा कामाला रात्रंदिवस लावणार असेल तर १०० वॅटचा भार धरला तरी दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२ होतात. मी हिवाळ्यातच चालवतो, खोली पण गरम राहते. उन्हाळ्यात परभणीत पीसीच मला शिव्या देईल.

कंदी_पेढा

मंडळी, दोन महिन्यांनी धागा वर काढतोय, रिपोर्ट देणं लागतो.

भाचीने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी लिबपीटूपी आणि टेसरॅक्ट घेऊन केलं. पहिल्या दिवशी एकही मशीन दुसरीला दिसेना. तीच २००४ ची कळा, मी फोनवर जवळजवळ 'डॉट-जक्स्टा उडवा' म्हणणार होतो. वाईफायना व्यक्तिगत निरोप केला, त्यांनी दोन ओळींत सांगितलं की लॅबच्या वायफायवर मशीनना आपापसांत बोलूच न द्यायची सेटिंग असेल, केबल लावा. केबल लावली, ११ मशीन दिसल्या.

मग खटपट्यांच्या सल्ल्याने प्रत्येक पान दोघींना दिलं तर निम्मी उत्तरं जुळेनात. पोरींना वाटलं आपल्या कोडात चूक, तीन दिवस गेले. शेवटी निघालं काय तर काही मशीनवर टेसरॅक्टची जुनी आवृत्ती होती, 'र्‍य' आणि 'र्य' वरून दोघींची भांडणं. आता मशीन कामात शिरताना आवृत्ती सांगते, न जुळल्यास तिला काम मिळत नाही. ४०० पानं झाली, शेंगताईंच्या वाचनालयाचीच, स्कॅन पाठवल्याबद्दल आभार.

व्हायवात बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं 'यात सर्व्हर कुठला?' भाचीने सांगितलं, कुठलाच नाही, हवी ती मशीन बंद करा. त्यांनी उठून खरंच बंद केली, नेमकी जिच्यावर ती प्रेझेंटेशन दाखवत होती ती. पडदा काळा. पण बाकीच्या १० जणी पानं वाचत राहिल्या, शेजारच्या मॉनिटरवर आकडा सरकताना दिसत होता.

सुपारी_कातर

अभिनंदन. पण पानं सुरुवातीला टाकली कुठल्या मशीनवरून?

कंदी_पेढा

हाच प्रश्न त्यांनी पण विचारला. तिथे दोन मार्क गेले.

शेवग्याची_शेंग

भाचीला माझ्याकडून पेढे, तुमच्याच गावचे. ४०० पानांतली ६० मी तपासली, जोडाक्षरं बरीच सुधारावी लागतायत पण कोऱ्या पानावरून टायपण्यापेक्षा शंभरपट बरं. उरलेली कुणी घेणार का?

डीटीपी_दादा

मी ५० घेतो, रात्री दुकान बंद केल्यावर. आणि पेढेराव, माझ्याकडे यूएसबीचा सीडी ड्राइव्ह आहे, चालू आहे. सांगलीला आलात तर ती 'हीच खरी' घेऊन या.